हनुवटी वर गेली

मी कोरहानचं वाटोळं केलं, तेव्हा तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.

ओहायोतल्या या कॉलेजात मी बास्केटबॉल संघाचे कपडे धुते, बावीस वर्षं झाली. कोरहान माझ्याच गावचा, तुर्कस्तानातल्या बांदिर्माचा. सात फूट उंच. सेंटर म्हणून बास्केटखाली उभा राहिला की कुणाच्या बापाला हलत नसे. माझी धुलाईची खोली तळघरात. सामन्याच्या दिवशी तो खाली यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा, मोठ्यांना मान द्यायच्या आमच्या रिवाजाने माझा हात ओठांना आणि मग कपाळाला लावायचा आणि खेळायला जायचा.

मार्चमधल्या त्या दुपारी तो जिना उलटा उतरला. कठडा घट्ट धरून, पाठ माझ्याकडे.

"हे काय नवीन खूळ?"

"असं उतरलं की कमी दुखतं, तेयझे."

मावशीला आमच्यात तेयझे म्हणतात. गुडघ्याचं मला ठाऊक होतं, पट्टे मीच धुवायचे ना. डावा पट्टा महिन्याभरात सैल पडला होता, सुजेवर ताणून ताणून. त्या गुडघ्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. पुन्हा गेला तर आयुष्यभर काठी, असं गावच्या डॉक्टरने बजावलं होतं. त्याचा भाऊ तिकडून दुखणं दाबायच्या गोळ्या पाठवायचा. त्या गिळून हा खेळायचा आणि संघाच्या डॉक्टरला हसून दाखवायचा.

"आज नको खेळूस, बाळा."

"आज इझमीरच्या क्लबचा माणूस आलाय. फक्त मला बघायला. माझं चौथं वर्ष संपलं, तेयझे, हा शेवटचा सामना. आज नाही दिसलो तर मला कोण विचारणार? बाबांच्या दुकानात ऑलिव्ह विकू?"

"वीक की. दुकानाला पाटी नको, गिऱ्हाइकाला तू लांबूनच दिसशील."

तो हसला नाही. "शपथ घे. कुणी विचारलं तर गुडघा ठीक आहे म्हणायचं."

मी घेतली, वल्लाही म्हणून, अल्लाची. माझा जीव तुटत होता.

तासाभराने कोच हार्लन आला. हा माणूस कधी तळघरात पाऊल टाकत नसे. दारातच थांबून म्हणाला, "नेरीमान, तो तुझ्याशी मन मोकळं करतो. खरं सांग, त्याचा गुडघा दुखतोय का?"

मी हनुवटी वर उचलली आणि जिभेने 'च्' केलं. आम्ही 'नाही' असंच म्हणतो. लहानपणापासून मान आपोआप वर जाते.

"वाटलंच होतं मला," कोच म्हणाला. "बरं झालं सांगितलंस." आणि वळला.

त्याला ते 'हो' वाटलं. इथल्या लोकांना वर गेलेली मान 'हो'च वाटते. हा घोळ मी दहादा निस्तरलाय. एकदा तर डुकराचं मांस परत करायला दुकानात दोन तास हुज्जत घातली होती. जिन्याला नऊ पायऱ्या आहेत आणि कोच जड माणूस, सावकाश चढतो. मला हाक मारता आली असती. मी टॉवेलांच्या घड्या घालत राहिले.

कोरहान अख्खा सामना बाकावर बसून होता. क्लबचा माणूस मध्यंतरातच उठून गेला. आम्ही एकोणीस गुणांनी हरलो.

मग तो खाली आला. या वेळी सरळ उतरला, दर पायरीला कण्हत.

"कोचला काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. आपल्या पद्धतीने."

त्याला लगेच उमगलं. तो भिंतीला टेकून फरशीवर बसला, पाय खोलीभर पसरून. "आता मी काय करू? मला दुसरं येतं काय, तेयझे?" एवढा मोठा माणूस हुंदके देत होता आणि मला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचीही हिंमत होईना.

डोळे पुसून त्याने विचारलं, "त्याला उलटं कळलंय, हे तुला तेव्हाच समजलं होतं?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. माझी हनुवटी वर गेली.

कोरहान चार वर्षं अमेरिकेत काढलेला. दोन्हीकडच्या माना त्याला ठाऊक.

"हे आपलं 'नाही', की इथलं 'हो'?"

माझी मान कुठेच हलेना.

तो कठडा धरून उठला. जाताना त्याने माझा हात घेतला नाही. जर्सी काढून टोपलीत टाकली आणि बनियनवरच जिना चढून गेला. जर्सीला घामाचा थेंबही लागला नव्हता. तरी मी ती धुतली.