बंबासाठी सोडलेली गल्ली

गाडी लावायची कुठे, हा प्रश्न आज तुम्हाआम्हा सगळ्यांनाच छळतो. याच प्रश्नावर एका माणसाचे नशीब फळफळले. ऐन विशीत तो एका पडीक जागेत उन्हातान्हात लोकांच्या गाड्या लावून देत असे. पुढे त्याने ती जागा भाड्याने घेतली, मग विकतच घेतली आणि तिच्यावर खाली गाड्या, वर घरे अशी इमारत बांधली. पुढे तशाच आणखी काही इमारती उभ्या केल्या. लोक त्याला पार्किंगशेठ म्हणू लागले. मात्र मोकळी जागा दिसली की शेठचे हात शिवशिवत. पहिल्या इमारतीच्या बाजूला आगीच्या बंबासाठी सोडलेली गल्लीही त्याने पट्टे आखून गाड्यांना भाड्याने दिली.

त्याची थोरली बहीण याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. काठीशिवाय तिला चालता येत नसे. गल्ली मोकळी कर म्हणून तिने त्याला परोपरीने सांगून पाहिले. शेठ ते हसण्यावारी नेई. गल्लीतल्या गाड्यांचा हँडब्रेक कोणी ओढत नाही, वेळ आलीच तर ढकलून काढता येतात, हे त्याचे ठरलेले उत्तर. त्याच्या सगळ्याच जागांवर तसा शिरस्ता होता.

एका सकाळी तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीने पेट घेतला. जिना धुराने भरला. बंब आला आणि गल्लीच्या तोंडाशी अडला. रहिवाशांनी गाड्या भराभर मागच्या अरुंद फाटकातून बाहेर ढकलल्या, पण तोंडाशी उभी असलेली मोठी काळी गाडी जागची हलेना. तिचा हँडब्रेक ओढलेला होता. ती शेठचीच गाडी होती! नियम इतरांसाठी, मालकाला कसला आलाय नियम?

किल्ली खिशात घेऊन शेठ जवळच्या बांधकामावर गेला होता. निरोप मिळताच तो धावत सुटला. वर पाहिले तर खिडकीत तोंडावर ओला पदर धरून ताई उभी होती. त्याने कशीबशी गाडी काढली, बंब आत गेला, शिडी लागली आणि ताईसह वर अडकलेले सगळे सुखरूप खाली आले.

दवाखान्यात तो तिच्या उशाशी मान खाली घालून बसला.

"मी होते म्हणून तुला घाम फुटला," खोकत ताई म्हणाली. "माझ्या वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे. तिच्यासाठी कोण धावलं असतं? ती गल्ली तुझी नाहीच रे. आत राहणाऱ्या प्रत्येकाची आहे."

"लोकांनी भाडं भरलंय, ताई. उद्या भांडायला येतील."

"येऊ देत. भांडायला माणूस जिवंत तर राहील."

शेठ उठला तो ठरवूनच. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः हातात ब्रश घेऊन गल्लीतले पट्टे पुसले. लोक भांडायला आलेच. नव्या इमारतीसाठी राखलेली जागा त्याने त्यांच्या गाड्यांना देऊन टाकली. त्या नव्या इमारतीतल्या भागीदाराने त्याला वेड्यात काढले, पण शेठ बधला नाही. मग त्याने आपल्या प्रत्येक इमारतीची गल्ली मोकळी केली.

वाचकहो, मोकळी ठेवलेली जागा वाया गेलेली नसते. आपल्याही इमारतीत अशी एखादी गल्ली असेल आणि तिथे जरा वेळासाठी म्हणून लावलेली गाडी कदाचित आपलीच असेल. आत्ताच खाली उतरा आणि ती काढा. आत अडकलेल्या माणसाला बाहेर यायला तेवढीच वाट असते!