बाराच्या आत घडी

मायेन नदीकाठच्या त्या वसतिशाळेत एकोणीस वर्षांत तीन मुख्याध्यापक झाले, पण कपडेखोलीची किल्ली ओदिलच्याच कमरेला राहिली. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला एक आकडा मिळे. मोजे सोडले तर त्याच्या शर्टापासून रुमालापर्यंत सगळ्यावर ओदिल तो लाल दोऱ्याने काढी. मुलांना ती नावाने कमी आणि आकड्याने जास्त ओळखे. नखं कोण कुरतडतं, बिछाना कोण ओला करतं, आईचं पत्र आल्यावर उशी कुणाची भिजते, हे तिला धुण्यातून कळे. कळलेलं ती पोटात ठेवी, म्हणून मुलं तिला भीत आणि तिच्याकडेच येत.

नव्या मुलाला पहिला धडा ती देई. कोट काढला की घडी. बाह्या आत, कॉलर वर. ती मोठ्याने मोजायला लागे आणि बारा म्हणेपर्यंत घडी पुरी व्हावी लागे. ज्याचा कोट खुर्चीवर लोंबकळे, त्याचा गुरुवारचा नदीवरचा फेरफटका बंद. मार्चमध्ये नदीवर जायला मिळणार नाही या धाकाने उनाडातली उनाड पोरंही झोपेत घडी घालू लागत.

बावन्न सालच्या मार्चमधल्या अशाच एका गुरुवारी दोन मुलं फेरफटक्याहून परतली नाहीत. एकतीस आणि अठ्ठावन्न.

एकतीस म्हणजे झिल्बेर वास्योर, वारलेल्या वकिलाचा एकुलता मुलगा. अठ्ठावन्न म्हणजे फिर्मां, सरकारी अनाथखात्याने शाळेत ठेवलेला. एकतीसला घरून जॅमच्या बरण्या येत आणि अठ्ठावन्न त्यांची घट्ट झाकणं उघडून देई. मैत्री तिथून सुरू झाली. दोघं एका वयाचे, एका मापाचे. जहाजावर नोकरी धरायला पळाले असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तीन आठवड्यांनी खालच्या बंधाऱ्याच्या दारात एक प्रेत अडकलं. चेहरा पाण्याने ठेवला नव्हता. अंगावर शर्ट उरला होता आणि एका पायात मोजा. फौजदार ब्रिकोने ओदिलला बोलावून घेतलं.

"टाका तुमचाच ना?"

"माझाच."

"आकडा एकतीस?"

"एकतीस."

"झालं तर मग," असं म्हणत त्याने वही मिटली.

ओदिल मोज्याकडे बघत होती. करड्या मोज्याची टाच तपकिरी लोकरीने रफू केलेली होती. वास्योरबाईंच्या मुलाचा मोजा फाटला की घरून नवा जोड येई. त्याचा मोजा ओदिलने जन्मात रफू केला नव्हता. ती टाच अठ्ठावन्नची होती. शर्टही त्याचाच म्हणायचा. जानेवारीत त्याच्या दोन्ही शर्टांची चाळण झाली, तेव्हा बाह्या आखूड झालेला एकतीसचा शर्ट तिने त्याला गुपचूप दिला होता. आकडा ईस्टरच्या सुट्टीत उसवू, असं म्हणून राहून गेला. नोंदवहीत तिने लिहिलं होतं, "३१ – शर्ट एक, चिंध्या." तिच्याआधीची बाई हिशेबात कमी पडलेल्या एका उशीच्या अभ्र्यापायी नोकरी गमावून बसली होती. ओदिल आता छप्पन्न वर्षांची, आणि कपडेखोलीच्या माथ्यावरची खोली सोडली तर तिला घर नव्हतं. विचारलं तेवढ्याचं तिने खरं उत्तर दिलं होतं. एवढ्याशा आधारावर ती दोन दिवस तगली.

स्वयंपाकघरात सोलांज सलगम सोलत होती. "त्या अनाथाने ढकललं असणार. इतका जॅम खाल्ला ज्याचा, त्यालाच बुडवलं मेल्याने!"

"तू होतीस का तिथे?"

"फौजदाराने स्टेशनास्टेशनावर त्याचं वर्णन धाडलंय. उगाच धाडलं होय? रक्तच तसलं, बाई."

ओदिलने कपातली कॉफी मोरीत ओतली. चॅपलखालच्या थंड खोलीत जो पोर निजला होता, त्याचाच स्वतःच्या खुनासाठी शोध चालला होता. आणि दुसऱ्याला कुणी शोधतच नव्हतं.

प्रेतयात्रेच्या आदल्या दिवशी मादाम वास्योर मुलाचे कपडे न्यायला आल्या. काळे हातमोजे, हातात सप्टेंबरला शाळेत दिलेल्या कपड्यांची यादी. रडून झालं होतं. आता त्या मोजत होत्या. एकेक शर्ट उचलून छातीशी धरत आणि ठेवत.

"सहा. एक त्याच्या अंगावर. यादीत आठ आहेत, मादाम ओदिल. आठवा?"

'चिंध्या' असं म्हटलं असतं तर भागलं असतं. वहीत तसं होतंच. ओदिलने पेटीच्या कडेला हात टेकला.

"आठवा झिल्बेरच्या अंगावर आहे. खाली निजलाय तो तुमचा मुलगा नाही."

मादाम वास्योरांनी तिचे दोन्ही दंड धरले. "पुन्हा बोला. पुन्हा बोला ते!"

तिने शर्ट, टाच, वहीतलं खोटं, सगळं सांगितलं.

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापक कोसादांनी तिला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. "शर्टाचं नव्हे हो, खोट्या नोंदीचं," ते म्हणाले. फौजदाराने शोध पुन्हा सुरू केला आणि वर्णनातली भाषा बदलली. आता कुणी कुणाला ढकललं नव्हतं. "पोरगं भेदरून लपून बसलं असेल," सोलांज म्हणाली, "गुणाचा हो फार." अठ्ठावन्नला पालिकेच्या दफनभूमीच्या कोपऱ्यात पुरलं. मागे ओदिल, पाद्री आणि खड्डा खणणारा.

मादाम वास्योर गावातल्या हॉटेलात उतरल्या. रोज सकाळी त्या फाटकाशी उभ्या राहत आणि ओदिलला बघून हसत. त्या हसण्यापुढे ओदिलला खाली बघावंसं वाटे. असे दहा दिवस गेले.

दहाव्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला, धुण्याच्या जुन्या घाटाशी, झुडपाखाली एक कोट सापडला. आतून एकतीस. वर बुटांचा जोड, नाड्या आत खोचलेल्या. शेजारी काठाची माती ढासळली होती, जसा कुणाचा पाय घसरावा. अकराव्या दिवशी थोडं खाली, पाणगवतात, झिल्बेर सापडला. आठवा शर्ट अंगावर होता.

महिनाअखेरीस ओदिल आपली ट्रंक भरत होती, तेव्हा मादाम वास्योर कपडेखोलीत आल्या. टेबलावर नोंदवही उघडी होती. 'चिंध्या'वर काट मारून शेजारी लिहिलं होतं, "५८ला दिला."

"त्याचं आडनाव काय?"

"लालोय. फिर्मां लालोय."

"त्याला झिल्बेरशेजारी हलवतेय. पालिकेने होकार दिलाय." त्या बाकावर बसल्या. "ते अकरा दिवस दिलेत म्हणून तुमचे आभार मानू की तुम्हाला शिव्या देऊ, माझं ठरत नाही."

"माझंही नाही, मादाम."

त्यांनी पिशवीतून कोट काढून मांडीवर ठेवला. घडी अजून मोडली नव्हती. बाह्या आत, कॉलर वर.

"मित्र बुडत असताना कोट असा... इथे शिकवतात हे?"

"मी शिकवते."

मादाम वास्योरांनी कॉलरवरून बोट फिरवलं. मग वर न बघता म्हणाल्या, "अशी घडी घालायला किती वेळ लागतो?"

अंगणात नव्या कपडेवालीचा आवाज येत होता. ती मुलांना रांगेत उभं करत होती.

"वेळ नाही लागत, मादाम," ओदिल म्हणाली. "सवयीने आपोआप पडते. जराही वेळ नाही लागत."