चोरीची पूर्वतयारी

रोममध्ये विवेकचं पाकीट मारलं गेलं आणि त्याचा ताप जपानमधल्या इचिकावात राहणाऱ्या वृंदाला झाला. विवेक तिच्या नवऱ्याच्या, नीलकंठच्या टीममधला. त्याची कहाणी ऐकून नीलकंठने स्वतःच्या रोमच्या सुट्टीचा पार प्रोजेक्ट करून टाकला. प्रवाशांसाठीचं इटालियनचं पुस्तक आणलं आणि फर्मान काढलं, की पोलिसांत तक्रार करण्यापुरतं दोघांनाही तोंडपाठ हवं. ऑफिसच्या सॉफ्टवेअर रिलीजपायी ही सहल दोनदा रद्द झाली होती. तिसऱ्यांदा नको, म्हणून वृंदा बिचारी पोळ्या लाटता लाटता घोकत राहिली, "मी आन्नो रुबातो इल पासापोर्तो." म्हणजे, माझा पासपोर्ट चोरीला गेला आहे.

निघायच्या दिवशी साहेबांनी पासपोर्ट-तिकिटांची पिशवी शर्टाच्या आत गळ्यात बांधली. ट्रेनमध्ये हीटर चालू होता. पिशवी टोचायला लागली, तशी त्याने ती काढून वरच्या फळीवर ठेवली.

"अरे, राहू दे की गळ्यात," वृंदा म्हणाली.

"अजून जपानातच आहोत आपण. इथे कोण हात लावतंय? हं, चोर कसा दिसत होता? इटालियनमध्ये सांग."

चोराच्या दाढीपर्यंत पोचले, तोवर गाडी बदलायचं स्टेशन आलं. दोघं बॅगा ओढत धावले. विमानतळाच्या स्टेशनवर नीलकंठचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मी आन्नो रुबातो," तो समोरच्या स्टेशन कर्मचाऱ्याला म्हणाला. चार वर्षं जपानात काढलेल्या माणसाला संकटात आठवलं ते हे. कर्मचाऱ्याने अदबीने मान लववली आणि वृंदाकडे पाहिलं. जेवणाचे बेंतो डबे विकणाऱ्या दुकानातल्या आरुबाइतोने, म्हणजे अर्धवेळ नोकरीने, तिला जपानी बोलतं केलं होतं.

"चोरीला गेलं का?" त्याने जपानीत विचारलं.

"हो म्हण," नीलकंठ कुजबुजला. "विसरलो म्हणून कसं सांगायचं? किती वाईट दिसेल."

चोरी म्हटलं की पोलीस, जबाब, आणि विमान गेलंच. विसरलं म्हटलं तर एका फोनचं काम. नवऱ्याची अब्रू की रोम, हा प्रश्न वृंदाला फार वेळ पडला नाही.

"चोरीबिरी काही नाही. हे फळीवर विसरले," तिने स्वच्छ सांगितलं.

पहिल्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनवरून फोन आला, मग पिशवीही आली. गाठसुद्धा होती तशीच. वृंदाने ती स्वतःच्या गळ्यात घातली.

विमान उडाल्यावर नीलकंठच्या जिवात जीव आला आणि हातात पुस्तक. "चल, पुढचं वाक्य."

"आधी एक सांग. 'मी विसरलो' हे इटालियनमध्ये कसं म्हणतात?"

त्याने पुस्तक पुढून मागे चाळलं, मग मागून पुढे. चाकूवाला चोर होता, स्कूटरवरचा होता, हॉटेलच्या खोलीत शिरणाराही होता. हे वाक्य मात्र कुठेच नव्हतं.