कॅलेंडरवरचे छोटे क्रूस

गुरुवारी चार वाजता मला विश्वस्तांसमोर बोलायचं होतं आणि पहाटे पाचलाच माझे डोळे टक्क उघडे होते. मागच्या वर्षीची रेनाता हजेरी द्यायच्या आधीसुद्धा दोनदा घसा खाकरायची. ह्या वर्षीची रेनाता पर्यावरण मंडळाची प्रमुख होती. तिच्याकडे एक आलेख होता आणि त्यातली रेघ इतकी सुंदर खाली उतरत होती, की तो मी उशाशी घेऊन झोपले होते.

आमच्या शाळेची नवी लायब्ररी अख्खी काचेची आहे. तिच्या नदीकडच्या भिंतीत आभाळ दिसतं, झाडं दिसतात. मे महिन्यात कॅनडातल्या आमच्या विनिपेग शहरावरून उत्तरेला जाणारे पक्षी त्या झाडांवर बसायला जातात आणि काचेवर आपटतात. शाळा भरायच्या आधी आम्ही भिंतीच्या पायथ्याशी एक फेरी मारतो. मेलेला पक्षी कागदी पाकिटात घालायचा, वर तारीख आणि जागा लिहायची, पाकीट शिक्षकांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. तेव्हापासून आमचे शिक्षक जेवणाचे डबे त्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत.

पहिल्या आठवड्यात नऊ पाकिटं झाली. मग मला कल्पना सुचली. काळ्या कागदाचे बारा ससाणे कापून आम्ही काचेवर चिकटवले, म्हणजे छोटे पक्षी घाबरून लांब राहतील. पुढच्या आठवड्यात दोन, मग एक, मग शून्य.

"मला पटत नाही," दारिना म्हणायची. दारिना माझी मैत्रीण, मंडळाचे आकडे तीच ठेवते. "तो ससाणा तीन आठवडे एका जागी बसलाय. मी पक्षी असते तर त्याला विचारलं असतं, बाबा रे, तब्येत बरी आहे ना?"

"जळतेस तू."

"कोणावर? तुझ्यावर की ससाण्यावर?"

पण मुख्याध्यापिका हॅल्वर्सन मॅडमना ससाणे फार आवडले. कारण दुसरा उपाय होता तो पक्ष्यांना काच दिसावी म्हणून पूर्ण भिंतीला ठिपक्यांची फिल्म लावायचा, आणि त्या काचेचं सौंदर्य म्हणजे मॅडमचा जीव की प्राण. ससाण्यांनी भागतंय म्हटल्यावर फिल्मचा विषयच बंद. आज चार वाजता मी नेमकं हेच सांगणार होते.

आईची हॉस्पिटलची ड्यूटी सातला, म्हणून तिने मला साडेसहालाच शाळेशी सोडलं. "पाय हलवणं बंद कर," गाडीत ती म्हणाली. "इंजिन बिघडलंय की तू, हेच कळत नाहीये मला." लसूणभाताचा डबा माझ्या मांडीवर तसाच होता.

वर्गात थांबवेना, म्हणून एकटीच फेरीला निघाले. लायब्ररीच्या कोपऱ्यावर वळले तर समोर तितो बेन्जी. आमच्या फिलिपिनो लोकांत आईच्या ओळखीतला प्रत्येक पुरुष तितो, म्हणजे काका. हे तर आमच्या चर्चमधलेच, आणि शाळेची साफसफाई बघणारे. हातात सुपली होती. सुपलीत तीन पक्षी. एक पिवळाधम्मक, माझ्या अंगठ्याएवढा, मान वाकडी.

"अनाक," ते म्हणाले, म्हणजे बाळ. "इतक्या लवकर कशी आलीस?"

"हे काय आहे, तितो?"

"तू बघू नकोस. मी उचलतोय ना."

"रोज उचलता?"

ते जरा गोंधळले. "तुम्ही ते काळे पक्षी चिकटवलेत ना, त्या दिवशी शिशुवर्गातली पोरं बघायला आली होती. एक मुलगी खालचा मेलेला पक्षी हातात घेऊन बसली आणि त्याला म्हणत होती, ऊठ, उशीर होईल. मग रडली, ती दुपारपर्यंत थांबेना. तेव्हापासून मी अर्धा तास आधी येतो. तुम्ही यायच्या आत सगळं साफ."

दोन, एक, शून्य. ते ससाण्यांचं काम नव्हतं. ते तितोंच्या सुपलीचं काम होतं.

"आम्ही ते मोजतो, तितो."

"जे राहतात ते मोजता ना? मला वाटलं, आकडा कमी झाला की तुम्ही खूश होता. तू तर उड्या मारत होतीस."

खरंच मारल्या होत्या. पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर.

"आणि मग ह्यांचं काय करता?"

ते मला झाडूच्या खोलीत घेऊन गेले. दाराच्या मागे आमच्या भागातल्या फिलिपिनो किराणा दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने काढलेले छोटे छोटे क्रूस होते. कुठे एक, कुठे तीन, कुठे चार.

"कुंपणाजवळ पुरतो. एकेकासाठी छोटी प्रार्थना म्हणतो, मग खूण करतो. नाहीतर कोणाची राहिली, लक्षात राहत नाही." त्यांनी आजचे तीन काढले. मी मोजले. सदतीस. आठवड्याला बारा-तेरा. ससाण्यांच्या आधीपेक्षाही जास्त.

"मला हे कॅलेंडर द्या, तितो. फक्त आजच्यापुरतं."

ते खाली बघत राहिले. "मॅडमनी मला सांगितलेलं नाही हे. शाळेच्या बागेत खड्डे खणायची परवानगीसुद्धा नाही. माझं नाव घेशील?"

"नाही घेणार."

"एकतीस तारखेला बायकोचा वाढदिवस आहे, तिथे गोल केलाय. हरवू नकोस."

मग तो दिवस संपेचना. गणिताच्या तासाला मी तीन वेळा पाणी प्यायला गेले. कॅलेंडर दप्तरात होतं आणि मला सारखं वाटत होतं, की ते बाहेरून दिसतंय. आलेखही दप्तरातच होता. दोन्हींतलं काय बाहेर काढायचं ते मलाच ठरवायचं होतं. गप्प राहिले तर टाळ्या माझ्या, आणि उद्या सकाळी सुपलीत आणखी तीन.

जेवणाच्या सुट्टीत दारिनाला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, बघ, मी म्हणत होते. तिने आकड्यांची वही उघडून शेवटचं शून्य खोडलं. मग म्हणाली, "आकडे मी ठेवते. म्हणजे चूक माझीपण आहे. एकटीच भाव खाऊ नकोस."

"आलेखाचं काय करू?"

"रंग छान आलाय. मागची बाजू कोरी आहे, नवा काढू."

चार वाजता लायब्ररीत सात विश्वस्त, मॅडम आणि चहाचे कप. तितो मागे जादाच्या खुर्च्या मांडत होते. मी उभी राहिले आणि मागच्या वर्षीचा तो घसा परत आला. दोनदा खाकरले.

"आमचे ससाणे निकामी आहेत," मी म्हणाले. "पक्षी मरतच होते. आम्हाला दिसत नव्हते, कारण कोणीतरी ते आमच्या आधी उचलत होतं, लहान मुलांनी रडू नये म्हणून. आम्ही काय मोजतोय ते आम्ही तपासलंच नाही. हा खरा हिशोब." आणि कॅलेंडर टेबलावर ठेवलं.

एक म्हातारे विश्वस्त चष्मा कपाळावर चढवून बोटाने क्रूस मोजू लागले. खोलीत फक्त त्यांचं पुटपुटणं. मॅडमच्या गालांवर लाली चढली. "रेनाता, ह्या खुणा कोणी केल्यात?"

मी आलेख उलटा करून कॅलेंडरशेजारी ठेवला.

"कोणी केल्यात, हे विचारतेय मी."

"माझ्या आहेत, मॅडम," मागून आवाज आला. तितो खुर्ची हातात धरूनच उभे होते. "पुरलेतही मीच. कुंपणाजवळ. पोरीला ओरडू नका."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग काचेच्या भिंतीकडे. म्हाताऱ्या विश्वस्तांचं मोजून झालं होतं. "सदतीस," ते म्हणाले. "आणि हा गोल कशाचा?"

"बायकोचा वाढदिवस, सर."

कोणीतरी हसलं. फिल्मचा निर्णय काही त्या दिवशी झाला नाही. पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले. पण दारिनाने हात वर करून विचारलं, तोवर काचेवर बाहेरून धुऊन जाणाऱ्या रंगाचे ठिपके काढू का? दोन-दोन इंचांवर, पूर्ण भिंतभर. मॅडमनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पांढरे. फक्त पांढरे."

शनिवारी आम्ही अकरा जणांनी ठिपके काढले. शिशुवर्गातली ती मुलगीही आली होती. हात पोचेल तिथपर्यंतचे तिचे. शिडी तितोंनी धरली आणि माझे ससाणे त्यांनीच हळूच सोलून काढले. दारिनाने एक मागून घेतला. म्हणे, वहीत ठेवते, डोक्यात हवा गेली की दाखवीन.

सोमवारी साडेसहाला मी, दारिना आणि तितो भिंतीशी उभे होतो. सुपली रिकामी, पाकिटं माझ्या हातात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो, झुडपांच्या आत वाकून बघितलं, परत फिरलो. माझं मन सारखं म्हणत होतं, शून्य, शून्य, शून्य असू दे.

कोपऱ्यात, त्या छोट्या मुलीच्या हाताच्याही वर, जिथे ठिपके जरा विरळ झाले होते त्याच्या खाली, एक होता. पांढऱ्या गळ्याची चिमणी, अजून कोमट.

तितोंनी प्रार्थना म्हटली. मी पाकिटावर तारीख लिहिली, जागा लिहिली, आणि शिडी आणायला पळाले.