हरिओमची चाकाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. आज माझे उजवे चाक कुरकुरते, पण बिलोलीजवळच्या एका गावात माझा मोठा तोरा होता. माझ्यावर हरिओम बसायचा. त्याच्या अंगातली ताकद वर्षागणिक झिजत होती. आधी पाय गेले, मग हात. त्याचा मामाही याच आजाराने गेलेला. थोरली बहीण ऋतुजा मला ढकलायची. जत्रेत हरिओम ओरडायचा, "ताई, जोरात पळव की!" आणि आम्ही तिघे धुरळा उडवत सुटायचो.

ऐन तारुण्यात हरिओमचा श्वास थांबला. ऋतुजाने मला स्वच्छ पुसले आणि दवाखान्याला देऊन टाकले.

पुढे तपासणीत तिच्याही रक्तात तोच दोष निघाला; तिला स्वतःला त्रास नव्हता, पण तिच्या मुलाला हरिओमचा आजार होऊ शकत होता. लग्नाआधीच तिने दयानंदला सगळे सांगितले. "लेकरू नसलं तरी चालतंय, आपण दोघं हाव की," तो म्हणाला. लग्नानंतर दोघे माझ्याच दवाखान्यात आले. मी दाराशी उभी होते.

"सर, माझं ऑपरेशन करून टाका. मला लेकरूच नको," ऋतुजा डॉक्टरांना म्हणाली.

"नसबंदी करायला निदान एक मूल असावं लागतं. नियम आहे. आणि एवढ्या लहान वयात? उद्या मन बदललं तर?"

"मग माझं करा," दयानंद म्हणाला.

"तुलाही तोच नियम."

ऋतुजा म्हणाली, "हरिओम आम्हाला जड नव्हता, सर. पण तसं लेकरू जाताना पुन्हा बघवणार न्हाई मला."

डॉक्टर मनाने वाईट नव्हते. त्यांनी तांबी बसवून दिली. तरीही तिला दिवस गेले.

या वेळी कुणी अडवले नाही. "आता कायदा लई सैल झालाय, घाबरू नको," सिस्टर मायेने म्हणाल्या. गर्भपातानंतर ऋतुजाला माझ्यावर बसवले. जी मला पळवायची, तिचे ओझे मी पहिल्यांदाच उचलले. किती हलकी होती ती!

"पाडायची परवानगी हाय," ती पुटपुटली, "अन् राहूच नये म्हणलं, तर न्हाई?"

सिस्टरनी तिच्या अंगावर चादर ओढली. दयानंद मला ढकलत होता, पण त्याला समोरचे दिसत नव्हते. दोनदा मी भिंतीला धडकले.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, फाटलेली बैठक शिवा. आणि माझ्यावर बसलेल्या माणसाला ढकलण्याआधी विचारा, कुठे जायचे आहे? ऋतुजाने तर कुणी विचारण्याआधीच सांगितले होते.