एकेचाळीस नंबरचं पाकीट

मी एक जुना पितळी तराजू आहे, मित्रांनो, आणि रागावलेला आहे. आमची जात गप्प बसणारी. पारड्यात येईल ते तोलायचं आणि काटा थांबला की खरं तेवढं सांगायचं. पण आता गप्प राहवत नाही.

मला घडवलं होतं सोनारासाठी. नशिबाने गेलो गव्हाच्या सरकारी संशोधन केंद्रात. तिथे सोनं नव्हतं, बाई होत्या. बाई म्हणजे तिथल्या संशोधक. एक नवं वाण तयार करायला त्यांना अकरा वर्षं लागली. दर हंगामात प्रत्येक ओळीचं बी वेगळं तोलायचं, आणि त्याआधी फुंकर मारून माझं पारडं साफ करायचं. इतका मान मला सोनाराने दिला नसता.

ते वाण शेतांत गेलं आणि तांबेरा रोगाने लाल पडणारी शिवारं वाचली. शेजारी शेजाऱ्याला टोपलीभर बी देत होता. केंद्रावर खर्चलेल्या एका रुपयाचे लोकांच्या घरी पंधरा झाले, असं बाईंनी मोजून काढलं होतं. त्यातला एकही केंद्राच्या वहीत आला नाही. येणार कसा? तो लोकांच्या कणग्यांत होता.

मग तपासणीचे साहेब आले. बांधावरूनच म्हणाले, "पीक तर रोगाने गेलंय."

"ती कडेची लाल ओळ मुद्दाम लावलीय, साहेब," मुकादम म्हणाला. "तिच्यावरून रोग बाकीच्यांवर यायला हवा. तरच कोण टिकतं ते कळतं."

"म्हणजे सरकारी पैशाने रोग वाढवता?"

साहेबांनी अहवालात लिहिलं : पीक रोगट, उत्पन्न शून्य. अकरा वर्षं चार शब्दांत उरकली. असलं खोटं वजन मी जन्मात केलं नाही.

केंद्र बंद करायला माणसं आली, तेव्हा बाई एकेचाळीस नंबरच्या ओळीचं बी तोलत होत्या. तांबेरा रूप बदलत होता, त्यांचं जुनं वाणही आता फार दिवस टिकणार नव्हतं. या नव्या तांबेऱ्यापुढे ही एकच ओळ हिरवी राहिली होती. बाईंनी पाकीट माझ्या बैठकीतल्या वजनांच्या खणात ठेवलं आणि सही करायला बाहेर गेल्या. तेवढ्यात खोलीला सील लागलं.

"अहो, माझं बी आत आहे."

"यादी झालीय, बाई. आता आतलं काही हलणार नाही."

लिलावात मला एका धान्य व्यापाऱ्याने घेतलं, शोभेसाठी. माझ्या पारड्यात तो किल्ल्या टाकतो. वजनं त्याला लागत नाहीत, म्हणून खणाला हात लावत नाही. दुकानातला अर्धा गहू बाईंच्या वाणाचा आहे, हे त्याच्या गावीही नाही.

काल एक शेतकरीण आली. "दादा, यंदा पानं लाल पडलीत. दुसरं बी आहे का?"

"कुठून आणू, ताई? केंद्रच बंद झालं."

बोलताना तिचा हात माझ्या खणावर टेकलेला होता.

सील लागल्यापासून चार पेरण्या होऊन गेल्या. पाकिटातलं बी दरवर्षी थोडं थोडं मरतंय. मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा वगैरे मी सांगणार नाही. मला खुशाल मोडीत घाला. पण त्याआधी कुणीतरी माझा खण उघडा.