नारळाएवढा चंद्र

सुर्लाच्या शाळेत सुमंगलाबाई बावीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या, आणि बावीस वर्षं त्यांच्या वर्गात चंद्र पृथ्वीच्या सावलीमुळेच लहान-मोठा होत होता. चंद्राने कधी तक्रार केली नाही. मग डिचोलीला शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं आणि पंचाईत झाली. चंद्रकला प्रत्यक्ष करून दाखवायच्या. नाही जमलं तर विज्ञान नव्या सिद्धेश सरांकडे आणि बाईंकडे हस्तकला. बाईंचा जीव विज्ञानात होता, त्यामुळे झोप उडाली.

पुस्तकातली आकृती त्यांनी उभी, आडवी, उलटी धरून पाहिली. कागदावरचे गोल काही केल्या आभाळात चढेनात. शेवटी सकाळी आठला सोललेला नारळ घेऊन त्या अंगणात उभ्या राहिल्या. पूर्वेला सूर्य, पश्चिमेकडे कललेला फिकट अर्धा चंद्र. नारळावर पृथ्वीची सावली कुठून आणायची, तेवढंच कळेना.

फाटकाबाहेर खनिज वाहणाऱ्या टिपर-ट्रकांची रांग अडली होती. त्यातल्या एका टिपरचा चालक शिवदास, नववी नापास होऊन शाळा सोडलेला बाईंचाच विद्यार्थी, बराच वेळ बघत होता. तो खाली उतरला आणि नारळ चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरा म्हणाला. बाईंनी धरला. उन्हाकडची बाजू उजळ, दुसरी काळोखी. नारळ चंद्रासारखाच अर्धा.

"पृथ्वीची सावली सूर्याच्या उलट्या बाजूक पडता. चंद्र थंय खंय आसा?" शिवदास म्हणाला. "आपण बाजूसून बघतों, म्हणान अर्धो दिसता."

हे कुठे शिकलास, असं बाईंनी विचारलं. खाणीत टिपर मागे घेताना मागच्या माणसाला आपली गाडी कशी दिसते ते डोक्यात फिरवून बघावं लागतं, नाहीतर गाडी खड्ड्यात, असं तो म्हणाला. मग गाडीकडे वळता वळता म्हणाला,

"नववीच्या पेपरात मियां ह्याच लिवलेलंय, बाई. तुमी शून्य दिलात."

रांग हलली, तो गेला. बाईंना इतकी लाज वाटली की नारळ खाली घ्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या पटांगणात त्यांनी तोच नारळ वर धरला आणि सगळं बिनचूक सांगितलं. युक्ती कोणाची, असं विचारल्यावर त्यांनी शिवदासचं नाव घेतलं. विज्ञान त्यांच्याकडेच राहिलं. परत येऊन त्यांनी शाळेच्या कपाटातून निकालाचं जुनं रजिस्टर काढलं.

पुढच्या सकाळी रांगेत शिवदासचा टिपर शोधून त्यांनी नारळ खिडकीतून आत दिला, आणि चूक माझी होती, त्या उत्तराला पैकीच्या पैकी, असं सांगितलं.

शिवदास हसला. "मगे बाई, मी पास झालंय?"

"फक्त विज्ञानात, चार गुणांनी गेला होतास," बाई म्हणाल्या. "प्रश्न पाचांचा होता."

पुढचे टिपर हलले. मागच्यांनी हॉर्न वाजवले. शिवदास नारळ हातात धरून तसाच बसला होता.